मुलांना हवामानबदल शिकवताना तुम्ही वर्गात काय काय करता? (ठाणे-नवी मुंबई)

काळा फळा | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी पाचवी ते सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पर्यावरण दिनाची चित्रकला स्पर्धा झाली, ६१ चित्रं आली. घरी आणून एकेक बघत बसले. ३८ चित्रांत बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल, उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी. मुलांनी रंग मन लावून भरले होते, पण खाडी एकाही चित्रात नव्हती. आमच्या शाळेच्या गच्चीवरून कळव्याची खाडी दिसते! वर्गातली निम्मी मुलं पत्र्याच्या घरात राहतात, मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही म्हणून जिन्यात अभ्यास करतात. तरी "हवामानबदल" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे हजारो मैलांवरचं अस्वल येतं. ते आम्ही शिक्षकांनीच त्यांना दिलंय, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून गेले सहा महिने मी मुलांच्या हाताला मोजायचं काम देते आहे. एक उपक्रम छान जमला, तो सांगते.

वर्गात ४० मुलं. प्रत्येकाने घरून मूठभर तांदूळ आणले आणि २५० दाणे मोजून बाजूला काढले. म्हणजे सगळ्यांचे मिळून दहा हजार. मोजण्यातच अख्खा तास गेला. कणी धरायची की नाही यावरून वाद झाले, शेवटी अर्ध्या दाण्याहून मोठी असेल तर धरायची असं मुलांनीच ठरवलं. सगळा ढीग वर्तमानपत्रावर ओतला आणि हळदीत घोळवलेले ३ दाणे त्यात टाकले. "ही कारखाने सुरू व्हायच्या आधीची हवा. दहा हजारांत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम तीन कण." मग आणखी एक पिवळा दाणा टाकला. "आणि ही आत्ताची, तुमच्या नाकात जातेय ती." (२८० पीपीएमचे, म्हणजे दहा लाख कणांत २८० होते ते, ४२०च्या वर गेलेत, त्याचा हा सोपा हिशोब.) पुढच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, एका दाण्याने काय होतंय?"

ह्याच प्रश्नासाठी मी बादली भरून ठेवली होती. तिलाच बोलावलं आणि बादलीत निळीचे चार थेंब टाकायला सांगितले. तिने पांढरा रुमाल बुडवला, पिळला आणि खिडकीशी धरला. थोडंसं असलं तरी काम करतं, हे तिला माझ्याकडून ऐकायची गरज उरली नाही. तांदूळ धुऊन दुसऱ्या दिवशीच्या खिचडीत गेले.

पण पुढे अडले आहे. समुद्र, पाऊस, उष्णता हे सगळं असंच हाताशी कसं आणायचं? तुम्ही काय केलंय? पालक असाल तरी सांगा.

वक्रीभवन | शनिवार, रात्री ११.०५

ताई, तांदूळ उचलतोय. सोमवारीच आठवीला करतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी एक प्रयोग असतोच : दोन बाटल्या, एकीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर-सोड्याने केलेला कार्बन डायऑक्साइड, समोर दिवा. दुसरी जास्त तापते, टाळ्या पडतात. मी स्वतः दहा वर्षं हा प्रयोग दाखवला. तो फसवा आहे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे बाटलीतली हवा नेहमीसारखी ढवळली जात नाही, आणि तापमानातला फरक मुख्यतः त्यामुळे पडतो. आरगॉन उष्णता अडवत नाही, पण तोही जड असतो, आणि तो भरला तरी बाटली तशीच तापते. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर आलं की मुलाच्या डोक्यात चुकीचंच कारण घर करतं.

त्याऐवजी मी मैदानावर पकडापकडी घेतो. एका टोकाची रेघ म्हणजे जमीन, दुसरी रेघ म्हणजे अवकाश. वीस मुलं म्हणजे जमिनीतून निघालेली उष्णता. ती अवकाशाकडे पळतात. मधे बरीच मुलं नायट्रोजन आणि ऑक्सिजन होऊन नुसती उभी, त्यांनी कोणाला धरायचं नाही. दोघेजण कार्बन डायऑक्साइड. त्यांनी ज्याला शिवलं त्याने डोळे मिटून तीन गिरक्या घ्यायच्या आणि तोंड जिकडे होईल तिकडे पळायचं. काही पुढे जातात, काही परत जमिनीवर येऊन आदळतात आणि पुन्हा निघतात. सगळे पार व्हायला किती वेळ लागला ते घड्याळावर मोजायचं. मग शिवणारे तीन करा, मग सहा. उष्णता कायमची अडकत नाही, तिला बाहेर पडायला उशीर होतो, हे धापा टाकत समजतं.

आणि ते अस्वल पुसून टाकू नका, त्याचाही धडा होतो. दोन सारखे ग्लास घ्या. एकात बर्फ पाण्यावर तरंगता, दुसऱ्यात दगडावर ठेवलेला, दगड पाण्याच्या वर डोकावणारा. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर दोरा बांधा. बर्फ वितळल्यावर पहिल्यात दोरा जिथल्या तिथे, दुसऱ्यात पाणी वर. अस्वलाच्या पायाखालचा समुद्रातला बर्फ वितळला म्हणून समुद्र चढत नाही, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा वितळला की चढतो. शिवाय पाणी तापलं की नुसतंच फुगतं. शाईचं पाणी भरलेली बाटली, बुचातून स्ट्रॉ, मेण लावून पक्की केलेली. ती उन्हात ठेवली की स्ट्रॉमध्ये शाई चढताना दिसते. आमच्या मुलांना बर्फापेक्षा ह्याचं जास्त आश्चर्य वाटलं.

पाऊणपट | रविवार, सकाळी ७.२०

मी वाशीगावचा. आजोबा खाडीत डोल (मासेमारीचं जाळं) लावायचे, वडीलही लावायचे. मी नोकरी करतो, पण सुट्टीला होडीत असतोच.

ताई, समुद्र वर्गात आणताय ते ठीक, पण मुलांनाच खाडीवर आणा. आणि यायच्या आधी पाणी कधी असेल ते वर्गात त्यांच्याकडूनच काढून घ्या. आमच्याकडचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि पाऊणकी म्हणायची, बस. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो तो वेगळा धरायचा. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मुलांनी काढलेली वेळ आणि प्रत्यक्ष पाणी जुळलं की चेहरे बघा त्यांचे.

ओहोटीला आलात तर तिवराची (खारफुटीतलं एक झाड) श्वसनमुळं दिसतील, चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी. तिवराचं पान उन्हात तिरपं धरलं की त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात, झाड खारं पाणी पिऊन मीठ पानावाटे टाकून देतं. बोट फिरवलं की खरखर लागते. त्याच चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसतील. माझ्या पुतणीने एका मुळाभोवती किती निवट्या बसतात ते मोजून वहीत चित्रासकट लिहिलंय, एकच ठिकाण, दर अमावास्येच्या ओहोटीला. चौथीत आहे ती.

खाडीचा हा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीने नेतात. पण मुलांना माणसंही भेटवा. वाशीगाव, दिवाळे, सारसोळे, कुठल्याही कोळीवाड्यात जा. म्हाताऱ्यांना विचारा, उधाणाचं पाणी तुमच्या लहानपणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं, आता कुठपर्यंत येतं? ते पायरी दाखवतात, मुलांनी खडूने खूण करायची आणि टेपने मोजायचं.

वक्रीभवन | रविवार, सकाळी ९.००

पायरीची कल्पना अप्रतिम. एक जोड : मासळी कमी झाली, पायरी बुडते, हे सगळंच हवामानबदलाच्या नावावर टाकू नये. खाडीत भराव पडलेत, गाळ साचलाय, कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी येतंय. मुलांना प्रत्येक खुणेपुढे "आणखी काय कारण असेल?" हा रकाना भरायला लावा. माझ्या मते अख्ख्या विषयात ह्या रकान्याइतकं मोलाचं काही नाही.

पाऊणपट | रविवार, सकाळी ९.१२

एकदम मान्य. जिताडा कमी झाला त्याचं कारण आमचे वडील चार वेगवेगळी सांगतात.

मोजपट्टी | रविवार, दुपारी १.३०

मी स्थापत्य अभियंता, नवी मुंबईत पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या कामांवर नोकरी झाली, आता निवृत्त. नातवाच्या शाळेत गेल्या वर्षी मी "ताटातली वाशी" करून दाखवली होती. सविस्तर लिहितो, कारण ह्यात खरी मेख लहानशा झडपेत आहे.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवला. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी काही वस्त्यांच्या जमिनीपेक्षा उंच असतं. म्हणून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरतीला खाडीकडची झडप बंद होते, शहरातला पाऊस तलावात थांबतो, ओहोटी लागली की झडप आपोआप उघडून पाणी खाडीत जातं.

वर्गात असं करा. लांबट ट्रे घ्या. मधोमध चिकणमातीचा बांध. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला काडेपेट्यांची वाशी, जमीन थोडी खोल ठेवा. बांधातून जाड स्ट्रॉ आरपार घाला आणि खाडीकडच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा वरच्या कडेने चिकटवा, खालची कड मोकळी. ही तुमची झडप. ती नीट बसायला आम्हाला चार प्रयत्न लागले. पहिल्यांदा ट्यूब जाड होती, उघडेचना; मग फुग्याचं रबर लावलं तर ते आतच ओढलं गेलं. शेवटी सर्वांत पातळ ट्यूब मिळाली ती चालली.

आता बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून वाशीवर पाऊस पाडा. खाडी खाली असेल तर पाणी वाहून जातं. खाडीत पाणी ओतून भरती आणा, ट्यूब चप्प बसते, वाशीत पाणी तुंबतं. मग मुलांना म्हणा, बांधाला लागून तलाव खणा. काडेपेट्या वाचतात. मग खाडीची पातळी बोटभर कायमची वाढवा. झडप जास्त वेळ बंद राहते, तोच तलाव अपुरा पडतो. शेवटी तलावात मूठभर माती टाका, हा गाळ. एक मुलगा माती पडताना ओरडला, "आजोबा, नको!" त्या क्षणी मला वाटलं, माझी तीस वर्षांची नोकरी ह्याला पाच मिनिटांत कळली.

पावसासाठी एवढंच करा : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मैदानात खडूने मीटरभर चौकोन आखा आणि विचारा, २० लिटरच्या किती बादल्या? ४७. मग भिंतीवर ९४ सेंटिमीटरवर रेघ मारा आणि पहिलीतलं मूल तिच्याशेजारी उभं करा.

दोन वेण्या | रविवार, दुपारी ४.१५

सगळं वाचलं, खूप आवडलं, पण आईच्या बाजूने एक सांगायचं आहे.

माझी मुलगी तिसरीत आहे, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. तिच्या शाळेत मुंबई पाण्याखाली गेल्याची एक चित्रफीत दाखवली. त्यानंतर आठवडाभराने कपाट आवरताना वरच्या फळीवर मला एक प्लास्टिकची पिशवी मिळाली, तोंडाला रबर लावलेलं. आत तिची बाहुली, माझ्या आईचा फोटो आणि बिस्किटांचा पुडा. विचारलं तर म्हणाली, पाणी आलं की भिजू नये म्हणून. रात्री उठून गॅलरीतून खाली बघायची. पंखा लावला की म्हणायची, "बंद कर, माझ्यामुळे होतंय." आठ वर्षांच्या मुलीने हे ओझं घ्यावं असं काय केलंय तिने? शिक्षकांनी विचार करा, अशी विनंती.

मोजपट्टी | रविवार, दुपारी ४.५०

वाचून गलबललं. त्या भिंतीवरच्या रेघेशेजारी पहिलीतलं मूल उभं करा असं मी लिहिलं, ते मागे घेतो. मोठ्या वर्गात करा, आणि मूल न उभं करता करा.

मुलीला एक सांगून बघा. जगभरचा समुद्र सध्या सरासरी वर्षाला सुमारे ४ ते ५ मिलिमीटर चढतोय, साधारण तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीएवढा. म्हणजे रात्रीत पाणी येऊन घर बुडणार नाही. बांध बांधायला, तलाव साफ करायला, झाडं राखायला मोठ्या माणसांना वेळ आहे, आणि ते काम आमचं आहे, तिचं नाही.

काळा फळा | रविवार, रात्री ८.३०

दोन वेण्या, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्या वर्गातही एक मुलगा "आपण मरणार का?" असं विचारून गेला होता, तेव्हा मी घाईत "नाही रे" म्हणून पुढचा धडा घेतला. ते मला अजून टोचतं.

आता मी दोन गोष्टी पाळते. चौथीपर्यंत फक्त निरीक्षण : पाऊस मोजणं, झाड ओळखणं, सावली मोजणं. आपत्तीची चित्रं नाहीत. आणि पाचवीच्या पुढे, ज्या तासाला संकट सांगितलं त्याच तासाला त्यावर कोणीतरी करत असलेलं काम दाखवायचं, आणि ते आपल्या आसपासचं. पत्र्याच्या उष्णतेचं आम्ही असंच केलं. चपलांची दोन खोकी, वर पत्र्याचे तुकडे, एकाला पांढरा चुना. दुपारी दोनला आतले थर्मामीटर वाचले. चुन्याचं खोकं स्पष्ट थंड होतं. मग सांगितलं की अहमदाबादने २०१३ मध्येच उष्णतेपासून बचावाचा शहराचा आराखडा केला आणि पुढे तिथे वस्त्यांतली छपरं पांढरी केली. एका मुलाच्या वडिलांनी रविवारी खरंच घराचा पत्रा रंगवला. पंख्याचा अपराध मुलाच्या माथी मारायचा नाही, हे मी मुख्याध्यापकांनाही सांगितलंय.

वाळूचं घड्याळ | रविवार, रात्री ९.०५

बालवाडीत शिकवते. आम्ही एकच करतो : रोज सकाळी आकाशाचा रंग दिनदर्शिकेच्या चौकोनात भरायचा. आजची हवा म्हणजे एक चौकोन, आणि खूप वर्षांचे खूप चौकोन म्हणजे हवामान, एवढं कळलं तरी चार वर्षांच्या मुलाला पुष्कळ.

माठातलं पाणी | रविवार, रात्री १०.२०

वाळूचं घड्याळ, तुमचे चौकोन मोठे झाले की पताका करा. ब्रिटनचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानाच्या रंगीत पट्ट्या केल्या, एक वर्ष एक पट्टी, सरासरीहून थंड ते निळं, गरम ते लाल. आमच्या सातवीने १८५० पासून २०२४ पर्यंत १७५ पताका कापून व्हरांड्यात बांधल्या. प्रत्येकाने आपल्या, आईच्या आणि आजीच्या जन्मवर्षाखाली दोरा बांधला. २०१५ ते २०२४ ही जगाच्या २०२४ पर्यंतच्या नोंदींतली सर्वांत उष्ण दहा वर्षं, त्या टोकाला लाल कागद कमी पडला म्हणून घरून पिशव्या कापून आणल्या. मुली येता-जाता आजीच्या निळ्या पताकेला हात लावतात.

दुसरं, माझ्या आवडीचं. दोन साधे थर्मामीटर, एकाच्या फुग्याभोवती ओलं मलमल. पुठ्ठ्याने वारा घाला. ओला खाली उतरतो, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. आपला घाम हेच करतो, माठही हेच करतो. हे दर महिन्याला मोजायचं. डिसेंबरात कोरडा वारा असतो तेव्हा आमच्याकडे फरक ८ अंश आला होता, जुलैत जेमतेम १. म्हणून पावसाळ्यात माठ थंड होत नाही आणि आपण चिकचिकतो. मुलांना मग आपोआप कळतं की नागपूरचे ४२ आणि आपले ३८ यांची नुसत्या आकड्यावर तुलना होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली. वर्गातल्या एकीचे काका त्या दिवशी तिथे होते. तिने स्वतःहून विचारलं, "त्यांचा घाम सुकत नव्हता का?" त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि ऊन लागलेल्या माणसाला सावलीत कसं न्यायचं, अंग ओलं करून वारा कसा घालायचा, १०८ ला फोन कसा करायचा, ते करून पाहिलं.

मोजपट्टी | सोमवार, सकाळी १०.१०

मोठ्या मुलांसाठी एक राहिलं. धारण तलावांत गाळ साचला, आणि त्या गाळात खारफुटी उगवली. गाळ काढावा तर खारफुटी जाते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून ती तोडायला मनाई केली आहे. गाळ ठेवावा तर पावसात वस्तीत पाणी. ह्यावर वर्गात जनसुनावणी भरवा. एक तलावाकाठचा रहिवासी, एक कोळी, एक अभियंता, एक वनाधिकारी, एक खेकडा. हो, चिंबोरीलाही बोलू द्या, मुलं तिच्या बाजूने सर्वांत चांगलं बोलतात. निर्णय तुम्ही देऊ नका. नातवाच्या शाळेत दोन तासांनंतर मुलांनी "अर्ध्या तलावाचा गाळ काढा आणि तेवढीच झाडं खाडीकाठी आधी लावून जगवून दाखवा" असं लिहून दिलं. आधी जगवून दाखवा, हे शब्द त्यांचे.

काळा फळा | बुधवार, सायंकाळी ६.४५

ताटातली वाशी झाली! आमच्याकडे ती "ताटातला कळवा" झाली. झडप तिसऱ्या प्रयत्नात बसली. जनसुनावणी पुढच्या आठवड्यात, चिंबोरी व्हायला सात जण तयार आहेत.

पाऊणपट, येत्या शनिवारी एकादशी आहे. मुलांनी फळ्यावर केलं : अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठला भरती, त्यात सव्वासहा तास मिळवले, अडीचला ओहोटी. खाडीचा जादाचा वेळ धरायचा की नाही यावर वर्गात दोन तट पडलेत. शनिवारी सकाळची शाळा असते, ३४ मुलं आणि ४ पालक येतील. पालकांची पत्रं आली आहेत. चालेल का?

पाऊणपट | बुधवार, रात्री ९.३०

चालेल काय, या. जादाचा वेळ धरणारा तट बरोबर आहे, सव्वातीनला चिखल पूर्ण उघडा पडेल. तुम्ही अडीचपर्यंत जेट्टीवर पोचा, म्हणजे पाणी उतरताना दिसेल. चपला नकोत, जुने बूट घालायला सांगा, चिखलात कालवांची कवचं लागतात. आई चहा करणार आहे सगळ्यांना. पायरी तीच दाखवेल, टेप तेवढी तुमची आणा.